जात्याची घरघर आणि कानातली बोंडे

इअरफोनचा इतिहास सांगणारे लोक बहुधा एका स्वयंपाकघरापासून सुरुवात करतात. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने १९१० च्या सुमारास दोन्ही कानांवर बसणारे श्रवणसाधन घरच्या घरी तयार केले आणि अमेरिकी नौदलाला पाठवून दिले. नौदलाने मागणी नोंदवली, तेव्हा एका वेळी दहाच नग देता येतील असे त्याने कळवले. त्याचा कारखाना म्हणजे घरचे स्वयंपाकघरच होते.

मी सुरुवात करणार आहे ती दुसऱ्या एका स्वयंपाकघरापासून. ते भोर तालुक्यात, वेळवंडी नदीच्या खोऱ्यात आहे. १९८९ च्या हिवाळ्यात तिथे माझी आत्या आणि तिची जाऊ पहाटे नाचणी दळत होत्या. मुंबईहून सुटीवर आलेल्या माझ्या चुलत्यांनी नवा टू-इन-वन चुलीपासून हातभर अंतरावर ठेवला, एक कोरी कॅसेट घातली आणि तांबडे बटण दाबले. पंचेचाळीस मिनिटे दळण चालले. गावात पिठाची गिरणी आलेली होती. पण नाचणी थोडी असली की जाते अजून फिरत असे. त्या कॅसेटचे पुढे काय झाले आणि त्यात माझा दोष किती, हे सांगण्याच्या निमित्तानेच मी ध्वनीच्या साठवणुकीचा हा सगळा इतिहास वाचू लागलो.

ज्यांनी जाते फिरताना पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खालची तळी जागची हलत नाही, वरची फिरते. वरच्या तळीच्या तोंडात मुठीमुठीने धान्य टाकायचे, याला आमच्याकडे वैरण घालणे म्हणतात. वैरण भरपूर असते तेव्हा आवाज भरीव आणि खालच्या पट्टीतला येतो. धान्य संपत आले की दगडाला दगड लागू लागतो आणि आवाज कोरडा, चढा होतो. दळणारी बाई तो आवाज ऐकून हात तोंडाशी नेते. ओवीची ओळ कुठे थांबवायची, श्वास कुठे घ्यायचा, समोरचीने कुठे उचलायचे, हे पुष्कळदा या आवाजावर ठरते. तळ्या झिजून गुळगुळीत झाल्या की त्यांना टाकी लावून घ्यावी लागते, आणि तशी वेळ आली की नाही हेही पीठ हातात घेण्याआधी कानालाच कळते. त्यामुळे जात्याची घरघर ही गाण्यामागची साथ आहे असे म्हणणेही मला अपुरे वाटते. ती ओवीचा मापदंड आहे.

मराठीत ओव्या गोळा करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’, कमलाबाई देशपांडे यांचे ‘अपौरुषेय वाङ्मय’, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या मार्फत केलेले प्रचंड काम, इंदिरा संतांची ‘मालनगाथा’ ही नावे या अंकाच्या वाचकांना सांगायला नकोत. या सर्वांनी ओवी कानाने ऐकली आणि कागदावर उतरवली. दुसरे साधन हाताशी नव्हते, आणि असते तरी त्यांचा ओढा शब्दांकडे होता. पण कागद काय करतो ते पाहण्यासारखे आहे. छापलेली ओवी दोन ओळींची असते. गायलेली ओवी त्याच्या दुप्पट-तिप्पट भरते. अर्धी ओळ पुन्हा येते, मध्येच ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’ येतात, एखादे पालुपद जोडले जाते, समोरची बाई शेवटचे दोन शब्द आपल्या गळ्यात घेऊन पुढे जाते. लेखनिक हे सारे गाळतो. त्याच्या दृष्टीने तो भराव असतो. आवाज साठवण्याच्या प्रत्येक पद्धतीत असा कुणीतरी लेखनिक बसलेला असतो आणि काय भराव, काय ऐवज हे तो आपल्या नकळत ठरवतो, असे मला पुढे वाटत गेले.

पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यात, म्हणजे मुळशी, मावळ, वेल्हे (सरकारदरबारी आता राजगड), भोर या डोंगरी तालुक्यांत, ऐंशीच्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी ओव्यांचे जे काम उभे केले ते या परंपरेतले असूनही वेगळे आहे. प्वातवँ जन्माने फ्रेंच. पुण्यात येऊन राहिले आणि भारताचे नागरिक झाले. ‘गरीब डोंगरी संघटने’च्या कार्यकर्त्या बायका गावोगाव फिरून ओव्या वह्यांत उतरवीत. त्यांतल्या कित्येकजणी स्वतः ओव्या गाणाऱ्या होत्या. पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेत या वह्या जमा होत गेल्या. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले आणि संख्या एक लाखाच्या वर गेली. गावांची संख्या हजाराच्या वर. १९९६ साली दोघांचे ‘स्टोनमिल अँड भक्ती’ हे इंग्रजी पुस्तक आले. २००४ मध्ये प्वातवँ गेले, २०१० मध्ये राईरकर गेल्या.

या कामात नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत या दोन्ही विषयांत गती असलेले फ्रेंच संशोधक सामील झाले. तबल्याचे बोल संगणकाला समजावून देणारी ‘बोल प्रोसेसर’ ही प्रणाली त्यांचीच. त्यांच्या येण्याने वहीच्या जोडीला यंत्र आले. ते यंत्र डिजिटल ऑडिओ टेपचे, म्हणजे डॅटचे होते. डॅटवर जमलेला ऐवज एकशे वीस तासांहून अधिक आहे.

हा आकडा मोठा वाटतो. मी त्याचा हिशेब करून पाहिला. एक ओवी गायला किमान अर्धा मिनिट धरला आणि मधले बोलणे, हसणे, पाणी पिणे सारे शून्य धरले, तरी एकशे वीस तासांत चौदा हजार ओव्या बसतात. प्रत्यक्षात याहून बऱ्याच कमी. लाखाच्या वरच्या संग्रहातला उरलेला सगळा भाग कागदावर आहे. त्याची चाल, त्याचे जाते आता कुणाला ऐकू येणार नाही. म्हणून जे एकशे वीस तास आहेत ते कोणत्या रूपात आहेत, हा प्रश्न नुसत्या यंत्रप्रेमी माणसाचा राहत नाही.

डॅट हे सोनी कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेले रूप. कॅसेट आपल्या ओळखीच्या कॅसेटहून लहान, जवळजवळ काडेपेटीच्या चुलतभावासारखी. आतली फीत चार मिलिमीटरहून अरुंद. पण फीत वाचणारे हेड व्हिडिओ रेकॉर्डरसारखे गरगर फिरणाऱ्या पिंपावर बसवलेले. आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजायची आणि प्रत्येक माप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर लिहायचे, ही त्याची नेहमीची चाल. सीडीचा आकडा ४४,१०० आहे. हा विचित्र आकडा कुठून आला याची गंमत आहे. सीडीच्या आधी डिजिटल आवाज साठवायला पुरेशी जागा फक्त व्हिडिओ टेपवर असे, म्हणून आवाजाचे आकडे चित्राच्या ओळींत भरत. युरोपी पद्धतीत एका क्षेत्रात वापरता येणाऱ्या २९४ ओळी, सेकंदाला ५० क्षेत्रे, दर ओळीत ३ मापे. गुणाकार ४४,१००. अमेरिकी-जपानी पद्धतीत २४५ ओळी, ६० क्षेत्रे, ३ मापे. तोही ४४,१००. दोन्हीकडे जमतो म्हणून तो निवडला, आणि १९८२ पासून आजतागायत आपण दूरदर्शनच्या ओळींच्या मापाने गाणी ऐकतो आहोत.

डॅटचा मोठा गुण असा की ते काहीही गाळत नाही. मापे जशी घेतली तशी लिहिते. रेकॉर्ड कंपन्यांना याचीच धास्ती बसली. हुबेहूब नक्कल निघेल म्हणून त्यांनी एवढा गोंधळ घातला की नकलेची नक्कल काढू न देणारी एक कुलूपयोजना यंत्रात घालावी लागली, आणि घरगुती बाजारात डॅट कधी रुजलेच नाही. ते उरले स्टुडिओत आणि रानोमाळ फिरणाऱ्या संशोधकांच्या झोळीत. त्याच काळात, १९९२ मध्ये, सोनीनेच मिनीडिस्क आणली. ती स्वस्त, सुटसुटीत आणि दमट हवेत कमी कुरकुरणारी होती. डॅटचे फिरते हेड दव धरले की काम थांबवते. वेल्ह्याच्या पावसात हे यंत्र सांभाळणे म्हणजे काय हे तिकडचा पाऊस पाहिलेल्यालाच कळेल. पण मिनीडिस्क आवाज सुमारे पाचपट दाबून साठवते. जगभरातल्या बऱ्याच क्षेत्रसंशोधकांनी नव्वदच्या दशकात मिनीडिस्क पत्करली. मावळातल्या बायकांच्या ओव्या मात्र डॅटवर गेल्या, न दाबता.

याचा खर्च जागेत मोजावा लागतो. ४८,००० च्या दराने दोन वाहिन्यांचा एक तास म्हणजे जवळपास ६९० मेगाबाइट. एकशे वीस तासांचे ८३ गिगाबाइट होतात. घरगुती संगणकात एक-दोन गिगाबाइटची डिस्क असे त्या काळात हा आकडा भीतिदायक होता. हे सारे एमपीथ्रीत, सेकंदाला १२८ किलोबिटच्या दराने भरले तर सात गिगाबाइटच्या आत मावते. म्हणजे नखाएवढ्या ८ जीबीच्या मेमरी कार्डात. मावळातल्या बायकांच्या आवाजाचा सारा मुद्रित ऐवज भोरच्या बाजारात शेकड्यात मिळणाऱ्या कार्डावर!

मग अडचण कुठे आहे? त्यासाठी एमपीथ्री काय करते ते पाहावे लागेल.

जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जे रचले त्याचा पाया कानाच्या एका दुबळेपणावर आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारच्या पट्टीतला लहान आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मोठ्या आवाजानंतर क्षणभर येणाराही ऐकू येत नाही. ऐकू येत नाही ते साठवायचे कशाला? यंत्र आवाजाचे बारीक तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्यातल्या वेगवेगळ्या पट्ट्या तपासते, आणि ठरलेल्या बिटांचा शिधा कुणाला किती द्यायचा ते ठरवते. बासरी, मोकळा गळा, तंबोरा यांचे भागते. त्यांची लाट नियमित असते, थोड्या बिटांत तिचे वर्णन होते. खरखर, टाळ्या, पाऊस, दगडावर दगड घासणे यांत नियम नसतो. त्यांना शिधा फार लागतो. दर पुरेसा असेल तर तेही निभते. दर उतरवला की हे आवाज पहिल्यांदा उपाशी मरतात, आणि पाण्याखालून बुडबुडे यावेत तसे ऐकू येऊ लागतात. ब्रांडेनबुर्ग यांनी आपल्या पद्धतीची कसोटी लावायला सुझान व्हेगा या गायिकेचे साथीशिवाय गायलेले ‘टॉम्स डायनर’ वापरले हे प्रसिद्ध आहे. एकाकी गळा वाचला पाहिजे, ही ती कसोटी. समोर जाते ठेवून कुणी कसोटी घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

‘.एमपीथ्री’ हे शेपूट १९९५ च्या जुलैत ठरले. २००१ च्या ऑक्टोबरात आयपॉड आला. आपल्याकडे यातले काही दिसायला अजून काही वर्षे जायची होती. भोरमध्ये २००८-१० च्या सुमारास मोबाईल दुरुस्तीच्या टपऱ्यांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. कार्ड द्यायचे, ‘भजन भरा’, ‘लावणी भरा’, ‘जुनी भरा’ एवढे सांगायचे, दहा-वीस रुपये द्यायचे. कार्डावर जास्तीत जास्त गाणी बसावीत म्हणून दर जमेल तितका खाली आणलेला असे. ज्या खेड्यांत ग्रामोफोन पोचला नाही, सीडी पोचली नाही, तिथे डिजिटल आवाज पहिल्यांदा पोचला तो असा चिमटीत धरून, आणि पिळून काढलेला.

माझी चूक याच काळातली. २००९ मध्ये आत्याची कॅसेट मी पुण्यातल्या एका दुकानात ‘डिजिटल’ करायला दिली. दुकानदार मनापासून काम करणारा होता. कॅसेट खराब आहे, फार घरघर आहे, पण मी साफ करून देतो, असे त्याने सांगितले आणि मी मान हलवली. आवाज साफ करणारी प्रणाली काय करते ते मला तेव्हा माहीत नव्हते. गाणे थांबलेले आहे असा एखादा सेकंद तिला दाखवायचा असतो. त्या सेकंदात जे काही ऐकू येते तो ‘कचरा’ असे ती समजते, त्याचा ठसा घेते आणि सबंध मुद्रणातून तो ठसा वजा करते. आत्या ओळ संपवून श्वास घेत होती तेव्हा मागे काय उरत होते? जाते. दुकानदाराने प्रामाणिकपणे जात्याचा ठसा घेतला आणि पंचेचाळीस मिनिटांतून जाते उपसून काढले. राहिलेला गळा त्याने सेकंदाला ३२ किलोबिट या दराने भरला, कारण मी ‘मोबाईलवर ऐकायचंय’ म्हणालो होतो.

मला फाइल मिळाली, मी खूश झालो. कॅसेट परत मिळाली ती माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. भोरचा पावसाळा, घराची ओलसर भिंत. पाच वर्षांनी डबा उघडला तेव्हा फितीवर पांढरी बुरशी होती आणि थर सुटून आला होता. दुकानदाराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मूळ फीत माझ्या घरात मेली.

आता इअरफोनकडे येतो, कारण ही सारी उठाठेव मला कळली ती इअरफोनमुळे.

आमच्या पिढीला कानात घालायचे पहिले साधन भेटले ते ट्रान्झिस्टरबरोबर येणारे, एकाच कानाचे, पिवळट रंगाचे बोंड. क्रिकेटची कॉमेंट्री कचेरीत ऐकता यावी एवढाच त्याचा उपयोग. मग १ जुलै १९७९ ला जपानात वॉकमन विक्रीला आला. त्याच्या पहिल्या नमुन्याला हेडफोनसाठी दोन छिद्रे होती, आणि दोघांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक मायक्रोफोन. एकट्याने ऐकत बसणे लोकांना असभ्य वाटेल अशी सोनीच्या अकिओ मोरिता यांना काळजी होती. ती लवकरच खोटी ठरली आणि दुसरे छिद्र बंद झाले. समोरासमोर बसून गायची ओवी मात्र अशा एकट्याच्या कानासाठी कधीच नव्हती. हे मला उगाचच आठवत राहते.

कानाच्या नळीत शिरणाऱ्या महागड्या इअरफोनांचे मूळ मात्र संगीतात नाही. ते बहिऱ्यांच्या यंत्रात आहे. नेहमीच्या स्वस्त इअरफोनमध्ये लहानसा लाउडस्पीकर असतो. पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले, मागे चुंबक. श्रवणयंत्रात एवढी जागा आणि एवढी वीज परवडत नाही. तिथे चुंबकाच्या दोन टोकांच्या मधोमध लोखंडाची पातळ पट्टी तोलून धरलेली असते. भोवतीच्या वेटोळ्यातून वीज गेली की पट्टी किंचित हलते आणि काडीसारख्या दांडीने पडद्याला हलवते. तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या डबीत हे सारे मावते. शिकागोच्या नोल्स कंपनीने श्रवणयंत्रांसाठी या डब्या पिढ्यानपिढ्या बनवल्या. श्रवणयंत्रांवर काम करणारे मीड किलियन यांच्या एटिमॉटिक कंपनीने १९९१ मध्ये त्याच तत्त्वावर संगीतासाठी ईआर-फोर हे इअरफोन काढले. १९९५ मध्ये ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वे यांनी रंगमंचावरच्या वादकांसाठी कानाच्या साच्याचे इअरफोन बनवले. आज लाख-दीड लाखाला मिळणाऱ्या, एकेका कानात सहा-आठ डब्या असलेल्या इअरफोनांचे हे घराणे. माणसाचे बोलणे कळावे म्हणून घडलेल्या वस्तूला मधल्या पट्टीतला गळा चांगला साधतो यात नवल नाही.

आणखी एक गोष्ट, जी महागड्या आणि स्वस्त इअरफोनमधला खरा फरक ठरवते. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला पडद्याने बंद. अशा नळीत तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप फुगतो, जसा रिकाम्या बाटलीत फुंकर फुगते. जन्मापासून आपण जग या फुगवट्यासकट ऐकतो. बोंड घालून नळी बंद केली की तो नैसर्गिक फुगवटा मोडतो. इअरफोन बनवणाऱ्याला तो मोजून परत घालावा लागतो. किती घालायचा यावर वाद आहेत. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात पुष्कळ श्रोते बसवून हार्मन वक्र म्हणून ओळखला जाणारा एक आराखडा तयार केला, आणि आज कित्येक कंपन्या त्याच्याशी ताडून पाहतात. एसटी स्टँडवरच्या दीडशे रुपयांच्या इअरफोनांत हा हिशेब नसतो. त्यांत खालचा आवाज दणदणीत भरलेला असतो. त्यातून ओवी ऐकली तर जात्याचा ढोल होतो आणि बाई शेजारच्या घरात गात आहे असे वाटते.

अधिक मापांच्या, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झच्या फाइलींची जी महती गायली जाते तिच्याविषयी मात्र मी सावध आहे. माणसाचा कान तरुणपणी वीस हजार हर्ट्झपर्यंत पोचतो आणि १६ बिट, ४८ किलोहर्ट्झला तेवढे झेपते. पन्नाशीनंतर माझ्यासारख्याचे कान बारा-तेरा हजारांपाशी थकतात. महाग इअरफोन परवडू लागतात तेव्हा त्यातले वरचे मजले आपल्याला बंद झालेले असतात. मुद्रण करताना जादा बिटांचा फायदा आहे, आवाज अचानक चढला तर सांभाळून घेता येतो. ऐकताना त्याचे पैसे मोजणे मला पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने त्याचे तीस हजारांचे इअरफोन आठवडाभर माझ्याकडे ठेवले. मी पहिल्यांदा आत्याची फाइल लावली. आजवर ती मी फोनच्या स्पीकरवरच ऐकली होती आणि डोळे ओले करून घेतले होते. आता ऐकू आले ते असे की प्रत्येक ओळीच्या शेवटी जणू कुणी आत्याच्या तोंडावर उशी दाबतो आहे. श्वास नव्हते. बांगड्या नव्हत्या. मध्ये मध्ये भुतासारखी खळबळ ऐकू येई, ती जात्याची उरलेली राख. मग मी ओव्यांच्या प्रकल्पातली मुद्रणे लावली. ती आधी गुरगावच्या आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजीने सांभाळली, पुढे बेल यांनी ती फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस इथल्या भांडारात नेली, आणि २०१७ पासून ‘पारी’ ती एकेक करून लोकांपुढे ठेवते आहे. मोबाईलपर्यंत पोचणारी प्रत अर्थातच दाबलेली. काही मुद्रणांत बायका नुसत्या बसून गातात, काहींत जाते फिरते आहे. ज्यांत फिरते आहे तिथे दगड दगडासारखा ऐकू येत होता. दाबणे हा मोठा गुन्हा नव्हता, हे मला त्या रात्री कळले. मूळ पूर्ण असेल तर बऱ्या दराची प्रत पुष्कळसे वाचवते. गुन्हा ‘साफ’ करण्यात होता.

मी पुढचा उद्योग केला तो आत्यापाशी. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला श्रवणयंत्र आहे, पण आजची डिजिटल श्रवणयंत्रे एकसुरी आवाज म्हणजे गोंगाट असे धरून तो आपणहून कमी करतात. म्हणजे तिथेही तोच लेखनिक. म्हणून यंत्र काढून, सगळ्यांत लहान रबरी टोप्या लावून तिच्या कानात इअरफोन बसवले आणि आवाज वाढवला. पहिल्यांदा तिचीच फाइल. ती बराच वेळ ऐकत राहिली. मला वाटले ओळखेल, रडेल. ती म्हणाली, “जातं कुठं गेलं?”

“आत्या, ते दुकानात काढून टाकलं.”

“मग ही कशाला गातीया?”

यावर मला उत्तर सुचले नाही. मी प्रकल्पातले एक मुद्रण लावले, जाते फिरत असलेले. कोण गाते आहे हे तिला ठाऊक नव्हते. दोन ओव्या झाल्या आणि तिचा उजवा हात मांडीवर सावकाश फिरू लागला. तिसऱ्या ओवीला ती म्हणाली, “हिचं जातं टाकीला आलंया. ओढाय लागतंय तिला.” गाणारी बाई कोणत्या शब्दावर दम टाकते ते तिने मला दाखवले. मी तेच मुद्रण पंधरा-वीस वेळा ऐकले होते आणि तिथे गाणारीची भावना दाटून आली असे टिपण करून ठेवले होते. दगड झिजलेला होता.

ते टिपण मी खोडले. या विषयावर लिहिणाऱ्या इतरांनीही, मी धरून, गळ्यातल्या कंपाचे आणि थांबण्याचे जे अर्थ लावले आहेत ते जात्याशी ताडून पुन्हा पाहायला हवेत असे मला वाटते. ज्या मुद्रणांत जाते आहे तिथे हे शक्य आहे. वह्यांत नाही, आणि माझ्या फाइलीत नाही.

त्यानंतर मी भोर-वेल्ह्यात घरोघरच्या कॅसेटी मागत फिरतो. टू-इन-वन घेऊन मुंबईहून येणारे चुलते काही माझेच नव्हते. बहुतेक डब्यांत बाजारू भजने निघतात. काहींत लग्ने, बारशी, कीर्तने. बहुतेक घरगुती यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असे. गाणे थांबले की ती मागचा आवाज वर ओढते. यामुळे मुद्रण ओबडधोबड होते खरे, पण ओव्यांच्या कॅसेटीत ओळ संपताच जाते एकदम जवळ येते, जणू यंत्रालाही ते ऐकायचे होते. नक्कल काढताना मी लहान स्क्रू ड्रायव्हरने हेडचा स्क्रू फिरवून कोन जुळवतो, कारण मूळ यंत्राचे हेड जसे वाकडे होते तसे लावल्याशिवाय वरचे आवाज येत नाहीत. २४ बिटांत भरतो, काही न गाळता दाबणाऱ्या फ्लॅक या रूपात ठेवतो आणि साफ काहीही करत नाही. कुत्री, स्टोव्ह, पहाटेची एसटी, सगळे राहते.

या भाद्रपदात वेल्ह्याच्या बाजूच्या एका घरातून ‘हरिपाठ’ असे लिहिलेली कॅसेट मिळाली. हरिपाठ आहेच. तो संपल्यावर, कुणीतरी बटण बंद करायला विसरल्यामुळे की मुद्दाम ते कळत नाही, सात मिनिटे जाते आणि दोन बायका आहेत. बाजू संपते तिथे ओवीची पहिली ओळ पूर्ण होऊन दुसरी सुरू होता होता फीत तुटक थांबते. मी ती आत्याला ऐकवली आणि पुढची ओळ काय असेल ते विचारले. तिने ती सात मिनिटे पुन्हा लावायला सांगितली.

“समोर कोण बसलीया त्यावर हाय ते,” ती म्हणाली. “जाऊ असंल तर येगळी, नणंद असंल तर येगळी.”

समोर कोण बसली होती हे त्या घरातल्या कुणाला सांगता आले नाही. फाइलच्या नावापुढे मी ‘अपूर्ण’ असे लिहून ठेवले आहे.